तीन जिने आणि चाळीस मजले

बी.डी.डी. ही अक्षरे इंग्रजी आहेत, हे मुंबईचा माणूस केव्हाच विसरून गेला आहे. "कुडाळात राहतो" असे ज्या सुरात सांगावे, त्याच सुरात तो "बीडीडीत राहतो" असे सांगतो. अक्षरांचा विस्तार विचारला, तर चाळीतच जन्मलेली आणि चाळीतच केस पिकवलेली माणसे डोके खाजवू लागतात. एका गृहस्थाने "बिल्डिंग... दादर..." अशी हिमतीने सुरुवात केली आणि पुढे काही सुचेना, तेव्हा माझ्यासाठी चहा मागवला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हा तो विस्तार. ते खाते कधीच निजधामाला गेले. त्याची आद्याक्षरे मात्र चार वसाहतींना जी चिकटली, ती आजतागायत सुटलेली नाहीत.

हे खाते १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी काढले. पहिले महायुद्ध संपलेले, गिरण्या तेजीत आणि गिरणीत राबणारा माणूस एकेका खोलीत दहा-दहा जणांत कोंबलेला, असा तो काळ. लॉइडसाहेबांनी एका हाताने बॅकबेचा समुद्र हटवायला घेतला आणि दुसऱ्या हाताने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. समुद्र हटवण्याचे पुढे जे हसे झाले, ते वीर नरिमनांनी जगासमोर मांडले आणि 'लॉइड्स फॉली' हा शब्द मुंबईच्या इतिहासात जाऊन बसला. खोल्यांचा संकल्पही तिसऱ्या हिश्श्यावरच थांबला. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर) ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा दारे. एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. संडास सगळ्या मजल्याचे मिळून सामायिक.

गंमत अशी, की या खोल्या पहिल्याने कुणालाच नको होत्या. सिमेंट-काँक्रीट हे तेव्हाचे नवे नवल. साहेबाने त्यात भिंती ओतल्या, जिने ओतले, एवढेच नव्हे तर खिडकीच्या झडपांऐवजी काँक्रीटच्याच पट्ट्या बसवल्या. त्यांतून उजेड यायचा तो चोरासारखा आणि पाऊस यायचा तो पाहुण्यासारखा. पट्ट्या पुढे काढाव्या लागल्या. त्यातून वरळी म्हणजे त्या काळी गावाबाहेर. परळच्या गिरणीत पहाटे पोचायचे तर तंगडतोड. भाडेही कामगाराच्या कंबरेला न झेपणारे. कितीतरी चाळी वर्षानुवर्षे ओस पडून राहिल्या. तीसच्या सालातल्या कायदेभंगात सत्याग्रही इतके झाले, की सरकारला तुरुंग पुरेनात. तेव्हा वरळीच्या याच चाळींत तात्पुरता तुरुंग भरवण्यात आला. घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंग म्हणून फारसा फेरफार न करता चालली, यातच तिच्या शिल्पशास्त्राचे सर्टिफिकेट आले.

आणि तरीही शंभर वर्षांत त्या तुरुंगाचे गाव झाले. ते साहेबाने केले नाही. ते सातारा-कोल्हापूरकडच्या, रत्नागिरी-सावंतवाडीच्या माणसांनी केले. एकाने खोली घ्यायची आणि गावातल्या वीस जणांनी पाळीपाळीने तिच्यात निजायचे. पहिल्या पाळीचा उठला, की रात्रपाळीच्याने त्याच वळकटीवर अंग टाकायचे. पुढे बायका आल्या, पाळणे हलले, खानावळी सुरू झाल्या आणि बोळाला गल्लीचे रूप आले.

माझी सख्खी आत्या या गावातली. १९६८ साली लग्न होऊन ती कोरेगाव तालुक्यातून थेट वरळीच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर आली. तिचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाने मामा, गिरणीत साच्यावर होते. आम्ही पुण्याला. मे महिन्याची सुट्टी लागली, की वडील मला डेक्कन क्वीनमध्ये बसवून देत आणि दादरला मामा घ्यायला उभे असत. मला राणीचा बाग, चौपाटी वगैरे दाखवण्यात आली असणारच. पण आठवतो तो बोळ. दिवसाही अंधारा, ओल्या फडक्याच्या आणि फोडणीच्या वासाने भरलेला, दोन्ही टोकांना उजेडाची एकेक चौकट. कुणाकडे कोळंबी शिजते आहे आणि कुणाकडे आज चूल उशिरा पेटली, हे बोळातून एक चक्कर मारली की कळे. दार लावून घेणे म्हणजे आजारपण किंवा भांडण. तिसरे कारण नसे. (नवी नवरी असली तर तिसरेही असे, पण मग बोळातल्या म्हाताऱ्या मुद्दाम खोकत जात.)

रात्री पुरुष आणि पोरे बोळात झोपत. डोक्याशी डोके आणि पायाशी पाय अशी ती रांग लागली, की लघवीला उठणाऱ्याला तारेवरची कसरत करावी लागे. पहाटे पाणी येई. कळशांच्या आवाजाने जाग येई आणि त्यापाठोपाठ टमरेल घेऊन रांगेत उभे राहायचे. त्या रांगेविषयी आजकाल फार प्रेमाने लिहितात. मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. मला ते प्रेम समजत नाही. आत्याला दिवस गेले असताना ती रात्री पाणी पिणे टाळत असे, हे तिने मला अलीकडे सांगितले. त्या रांगेवर लिहिणाऱ्यांनी हेही कुठेतरी नोंदवून ठेवावे.

बोळ नेहमी गोडच होता असेही नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या या चाळींनी दंगल पाहिली. दलित पँथरच्या सभेवरून पेटलेली ती आग कितीतरी दिवस धुमसत राहिली. चाळी समोरासमोर होत्या, गच्च्यांवरून दगड-विटा येत. ज्या जांबोरी मैदानावर पोरे एकत्र क्रिकेट खेळत, ते मैदान मधली सीमा झाले. आत्या तो विषय काढला की अजूनही गप्प होते. मग १९८२ चा संप आला. मामा १८ जानेवारीला गिरणीतून बाहेर पडले ते पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. आत्याने पोळ्या लाटायला घेतल्या. शंभर-शंभर पोळ्यांचे पीठ मळायला समोरच्या दारातल्या काकू यायच्या. त्यांचे यजमानही त्याच संपातले. दोघींचा मिळून एक स्टोव्ह चालू असे, कारण दोन पेटवण्याइतके रॉकेल नसे. आत्याची तीन मुले आणि काकूंची दोन, अशी पाच जणांची शाळा त्या एका स्टोव्हवर शिजली.

या चाळी पाडून तिथे टोलेजंग इमारती उभारायच्या, ही बोलणी आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. मुंबईत अशी बोलणी पावसासारखी असतात. दरवर्षी येतात आणि दरवर्षी लोक छत्री दुरुस्त करतात. अखेर म्हाडाकडे काम सोपवून २२ एप्रिल २०१७ रोजी जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. त्यानंतर सरकार बदलले आणि १ ऑगस्ट २०२१ रोजी वरळीत कामाचा शुभारंभ पुन्हा झाला. एकाच जमिनीला दोनदा नारळ फुटला, तेव्हा आत्याच्या मजल्यावर "आता तिसऱ्याला कोण येणार?" यावर पैजा लागल्या होत्या. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला, यात नवल नाही. घर सोडा, संक्रमण शिबिरात जा किंवा महिन्याला २५,००० रुपये भाडे घेऊन दुसरीकडे राहा, असे सांगणारे सरकार आणि आपल्या हयातीत परत येऊ की नाही हा हिशेब मांडणारी सत्तरीची माणसे, असा तो सामना होता. पोलिसांच्या वाट्याच्या खोल्यांचा तिढा निराळाच. बाप हवालदार, खोली नोकरीची, नोकरी संपली तरी संसार तिथेच. त्यांना घर द्यायचे तर कितीला, यावर आकडे पन्नास लाखांपासून उतरत २०२२ साली पंधरा लाखांवर आले. शिवडीची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची, म्हणून तिथल्या बारा चाळी या पंगतीतून उठूनच राहिल्या.

वरळीच्या सुमारे साठ एकरांत साडेनऊ हजारांवर भाडेकरूंना घरे द्यायची आहेत. प्रत्येकाला पाचशे चौरस फूट, मालकीहक्काने, फुकट. हा खर्च निघायचा तो उरलेल्या जागेवर विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांतून. आडवे पसरलेले गाव उचलून उभे करायचे आणि रिकामी झालेली जमीन विकायची, असे हे गणित आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गणित सुटते. हेच गणित समुद्र नसलेल्या गावात मांडले असते, तर किती जणांना पाचशे फूट मिळाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या. आत्या त्या पहिल्या पंगतीत होती. तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी तिचे घर पाहायला निघालो. आता दादरला मामा घ्यायला येत नाहीत. ते जाऊन बरीच वर्षे झाली. दादरहून भुयारी मेट्रोत बसले, की तिसऱ्या स्टेशनावर आचार्य अत्रे चौक. पाताळातून सरकत्या जिन्याने वर यायचे आणि अत्र्यांच्या नावाने स्वागत व्हायचे. त्या माणसाचे सगळे आयुष्य वरच्या पट्टीत गेले. त्याचे स्टेशन जमिनीखाली असावे, हा काव्यगत न्याय म्हणायचा की अन्याय, ते वाचकांनी ठरवावे.

वरळी नाक्याहून जांबोरी मैदानाकडे चालत गेलो. एका अंगाला जुन्या चाळी होत्या. काळवंडलेल्या, टेकू दिलेल्या, खिडक्यांना पत्र्याचे पिंजरे आणि पिंजऱ्यांत तुळशी. त्यांच्या मागे चाळीस मजले उभे. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत. चाळ पाहायची तर समोर बघावे लागते आणि इमारत पाहायची तर टोपी सांभाळावी लागते. खाली वॉचमन, वही, लिफ्टसाठी चार माणसांची रांग. रांगेतल्या बाईने शेजारणीला विचारले, "तुम्ही कितव्या?" पूर्वी हाच प्रश्न चाळीच्या नंबराविषयी असे.

आत्या सत्ताविसाव्या मजल्यावर. दार तिच्या सुनेने उघडले. बैठकीची खोली, दोन निजण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, चकचकीत फरशी. आत्याने मला पाण्याचा तांब्या देण्याआधी हाताला धरून नेले आणि एक दार उघडून दाखवले. संडास. मग दुसरे दार उघडले. दुसरा संडास.

"दोन आहेत," ती म्हणाली. "माणसं चार. रांग लागायचा प्रश्नच नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून, चाळीच्या आठवणींवर मी मनात जुळवत आणलेली दोन-तीन गोड वाक्ये तिथल्या तिथे गिळली.

समुद्र दिसतो. सागरी सेतूही दिसतो. सुनेने खिडकीचा पडदा सारून तो मोठ्या अभिमानाने दाखवला. तिचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटले. ती म्हणाली, "भाऊजी, लग्न होऊन एकवीस वर्षं झाली. साडी बदलायची तर सगळ्यांना बाहेर काढायला लागायचं. आता आतून कडी लावते आणि नुसती बसून राहते. काही काम नसलं तरी." मुलगा बारावीला आहे. त्याला टेबल मिळाले. चाळीत तो जिन्याच्या पायरीवर अभ्यास करायचा.

चहा झाल्यावर मी समोरच्या काकूंविषयी विचारले, तेव्हा खरी गोष्ट निघाली. कुणाला कुठले घर, हे चिठ्ठी टाकून ठरते. संगणकाची चिठ्ठी, वशिला नाही, तक्रारीला जागा नाही. पाचशे बायकांना सातव्या मजल्याचा हट्ट धरता येऊ नये, यासाठी याहून न्याय्य पद्धत मला तरी सुचत नाही. पण चिठ्ठीला बोळ कळत नाही. आत्याच्या मजल्यावरची जी वीस दारे पन्नास वर्षे एकमेकांसमोर उघडत होती, ती आता विखुरली आहेत: कुणी नवव्यावर, कुणी पस्तिसाव्यावर, कुणी पलीकडच्या विंगमध्ये. काकूंचा मुक्काम तर अजून जुन्या वरळीतच आहे. १९९८ साली थोरल्याचे लग्न झाले, तेव्हा जागा पुरेना म्हणून त्यांनी चाळ बदलली होती, दोन इमारती सोडून. तेवढ्याने त्यांची चाळ पुढच्या टप्प्यात गेली. तेव्हा दोन इमारतींचे अंतर म्हणजे चपला न घालता जाण्याचे अंतर होते. तरी दोघी रोज भेटत.

"आता?" मी विचारले.

"तिला लिफ्टची भीती. मला खाली उतरलं की धाप लागते. फोन करतो." मग थोडे थांबून म्हणाली, "फोनवर नुसतं बसता येत नाही रे."

या मजल्यावर शेजारी कोण, हे तिला महिना झाला तरी नीट माहीत नव्हते. आडनाव दारावर आहे. दार बंद आहे. तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही. पूर्वी रात्री काही झाले, तर भिंतीवर उलथने आपटायचे, पलीकडून हाक यायची. इथली भिंत जाड आहे, असे ती म्हणाली. तिने ते भिंतीच्या कौतुकाने सांगितले की तक्रारीने, ते मला उमगले नाही.

आत्याची दोन मुले दुसरीकडे राहतात, एक विरारला आणि एक बदलापूरला. जोवर ती खोली भाड्याची आणि १६० फुटांची होती, तोवर तिच्यावर कुणाचा डोळा नव्हता. जो आईला सांभाळेल, तो तिथे राहील, असा अलिखित कायदा होता. आता घर मालकीचे झाले आणि लोकांच्या तोंडी कोटीची भाषा आली. किल्ली मिळाल्याच्या पंधरवड्यात विरारच्या मुलाने, फार आदबीने, "कागदावर सगळ्यांची नावं असलेली बरी" असे सुचवले. धाकटी सून त्यावर आठ दिवस कुणाशी बोलली नाही. बदलापूरचा म्हणतो, की मेंटेनन्स आणि लिफ्टचा खर्च पुढे वाढत गेला तर भरणार कोण, त्यापेक्षा योग्य वेळी विकून तिघांनी लांब मोठी घरे घ्यावीत. त्याचा हिशेब चुकीचा नाही. सुनेची नोकरी लोअर परळला आहे आणि मुलाचे कॉलेज दादरला, हा तिचा हिशेबही चुकीचा नाही. दंगल, संप, रॉकेलची टंचाई यांना पुरून उरलेल्या त्या घरात पहिली फट मालकीहक्काने पाडली. मी पाहुणा, मी चहाचा दुसरा कप मागितला.

या उंच इमारतींवर जाणकारांनी टीका केली आहे, तीही लोकांनी ऐकावी अशी आहे. गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या, की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागे. तिथे क्षयाचे रोगी अधिक आढळले आणि उजेड-वारा नसण्याशी त्याचा संबंध डॉक्टरांच्या पाहणीने दाखवून दिला. वरळीच्या इमारती तशा नाहीत. घरे मोठी आहेत, वरच्या मजल्यांवर वारा तर भणाणतो. पण त्यातही सत्ताविसावा मजला आणि तिसरा मजला ही दोन वेगळी गावे आहेत. शेजारचे मनोरे पुरे झाल्यावर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत किती आकाश उरेल, हे तिथे राहायला गेल्यावरच कळेल. चिठ्ठीने कुणाला समुद्र दिला, कुणाला भिंत. साहेबाच्या काँक्रीटच्या पट्ट्या निदान सगळ्यांना सारख्या होत्या.

निघताना आत्याने मला काकूंकडे पिटाळले. जुन्या चाळीचा जिना चढलो. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. बोळात तोच ओल्या फडक्याचा वास, पण निम्म्या दारांना कुलपे. काकूंनी मला ओळखले नाही. आत्याचे नाव सांगितल्यावर मात्र आधी माझे वजन फार वाढल्याचे सांगून मग बसायला दिले. खिडकीतून त्यांनी नव्या इमारतीकडे बोट केले. आत्याची खिडकी कुठली, हे त्या खालून मोजायचा प्रयत्न करतात, पण बारा-तेराच्या पुढे डोळे फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. दिवाळीत आत्याने ठरवून लाल आकाशकंदील लावला होता. पण लाल कंदील आणखी सात जणांनी लावले होते, काकूंनी ते मोजले होते.

"आमचा नंबर लागेपर्यंत आम्ही आहोत की नाही, देव जाणे," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण पोरांना मिळेल. मिळालंच पाहिजे." मग उठून फडताळातून स्टीलचा डबा काढला. थालीपिठाची भाजणी होती. आत्याला बाजारची चालत नाही.

डबा घेऊन पुन्हा नव्या इमारतीत आलो. वॉचमन बदलला होता. त्याने वही पुढे सरकवली. नाव लिहिले, विंग लिहिली, घरनंबर लिहिला. पुढच्या रकान्यात 'येण्याचे कारण' असे होते. पेन घेऊन क्षणभर थांबलो.

"काय लिहू?"

"काय आणलंय, ते लिहा," तो म्हणाला.

मी 'भाजणी' असे लिहिले. त्याने ते वाचले, डब्याकडे पाहिले आणि लिफ्टचे बटण स्वतः दाबून दिले.